फांदीचं दुसरं टोक

चेर्नी क्ल्यूच थांबा
११ नोव्हेंबर २०१२

इन्ना,

या घराच्या भिंती मी रचल्या. ओंडक्यांच्या फटींत शेवाळ मी ठासलं. न्हाणीघर, विहिरीचा रहाट, बर्फावरची घसरगाडी, घोड्याच्या कातड्याने मढवलेल्या स्कीच्या तीन जोड्या, त्यातली एक ग्लेबच्या पायात आहे. तेलाची भट्टी सगळी माझी: लाकडी पिंप, वाफ नेणारी तांब्याची नळी, नळीचे वेढे, वेढे गार ठेवणारा हौद. तांबं वाकवायला मला कुणी शिकवलं नाही. पहिली नळी चिरली, दुसरी चिरली, तिसरी आजही चालते. माझ्या नातीचा, वार्याचा पाळणाही मीच केला, कारण तुझ्या आईने दुकानातून आणलेला कुरकुरत होता.

हे बढाई म्हणून लिहीत नाही. ग्लेब जन्मायच्या आधीपासून मी फर झाडाच्या फांद्या वाफवून तेल काढतो आहे. पिंपात चार फांद्या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या स्प्रूसच्या गेल्या तरी तेलाचा वास बसतो. तेव्हा एखादी फांदी हातात घेऊन मी म्हणालो की ही फरची नाही, तर ती फरची नाही.

काल ग्लेबला शोधणाऱ्या बचाव पथकाचा कोझिन आला होता. तुर्गासू नदीच्या वरच्या अंगाला, ग्लेबचा झाडं मोजायचा पट्टा जिथून जातो तिथेच, त्यांना कड्याखाली एक मुक्काम सापडला. विझलेली शेकोटी आणि फांद्यांची गादी, एका माणसापुरती. सामान नाही, माणूस नाही. मी जाऊ शकत नाही म्हणून त्याने गादीतली एक फांदी पिशवीत घालून आणली. (भट्टीचं झाकण माझ्या पायावर पडलं. नडगी दोन ठिकाणी मोडली, प्लास्टर मांडीपर्यंत आहे. काळजी करू नकोस.) कोझिनने विचारलं, ही गादी तुमच्या मुलाची असेल का.

मी फांदीची एक सुई, म्हणजे पान, चिमटीत धरून फिरवली. फिरली. फरची फिरत नाही, ती चपटी असते, टोकाला बोथट, आणि खालच्या अंगाला दोन पांढऱ्या रेघा. ही चौकोनी होती आणि टोचत होती. मग ओढून काढली. फरची सुई निघाली की मागे स्वच्छ गोल डाग राहतो. इथे साल ओरबाडली गेली आणि कुसळ राहिलं. स्प्रूस. ग्लेब सात वर्षांचा असताना त्याने विचारलं, गादीला फरच का, तर मी त्याला एक रात्र टोचणाऱ्या स्प्रूसवर झोपवलं होतं, म्हणजे परत विचारायला नको. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

सावेली, माझा भट्टीवरचा भागीदार, चहा पीत बसला होता. म्हणाला, "वादळात सापडलेला माणूस काय गाद्यांच्या दुकानात जातो का, येफिम?" मी त्याला सांगितलं, ज्याला तीस वर्षांत पिंपाचं झाकण नीट धरता आलं नाही, त्याने चहा प्यावा.

कोझिनला म्हणालो, हा कुणी शहरातला हौशी शिकारी असणार. ग्लेबने ढग पाहिले असतील आणि तो खिंड ओलांडून काझासच्या खोऱ्यात उतरला असेल, तिथे शिकाऱ्यांची झोपडी आहे. कोझिनने माणसं तिकडे वळवली. फांदी मी खिडकीत ठेवली आहे, कुणी विचारलं तर दाखवायला.

एक विचारतो, राग मानू नकोस. निघण्याआधी तुम्हा दोघांत काही झालं होतं का? पट्टा सोडून गेलेला माणूस कधी कधी मुद्दामही गेलेला असतो.

येफिम


नोवोकुझ्नेत्स्क
२९ नोव्हेंबर

येफिम लुकिच,

नमस्कार. आगगाडीवरच्या ल्युबाने पत्र दिलं. तुम्ही प्लास्टर घेऊन फलाटापर्यंत आला होतात असं ती म्हणाली. येऊ नका, सावेलीकाकांना पाठवा.

आमच्यात काही झालं नव्हतं. निघताना ग्लेब म्हणाला, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, वॉशर आणून ठेव, आल्यावर बसवतो. मी आणून ठेवलं.

कोझिनचा फोन आला होता. काझासच्या झोपडीत कुणी आलेलं नाही, उंबऱ्यावरचं बर्फसुद्धा मोडलेलं नाही. आता कमरेएवढं बर्फ आहे, वसंतापर्यंत शोध बंद. मी बरं म्हटलं.

मी कामावर जाते. बालवाडीत सकाळी रव्याची लापशी असते. मी ढवळते, ती लागत नाही, गुठळ्याही होत नाहीत. बाकीच्या बायका माझ्याकडे बघतात आणि बाजूला होतात. मला रडू येत नाही हे त्यांना आवडलेलं नाही. वार्याला सांगितलंय की बाबा जंगलात आहेत. ते खोटं नाही.

आई म्हणते, प्रेत नसलं तरी दारापासून वळणापर्यंत फरच्या फांद्या पसरू, म्हणजे गेलेला माणूस वाटेला लागतो. मी तिला हो म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. तुम्ही सांगा.

आणि हेही सांगा, की ऑगस्टमध्ये तुमच्याकडे काय झालं. आठवडाभर राहणार म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. विचारलं तर म्हणाला, बाबांना काम आहे. तुम्हाला काम आहे म्हणून तो कधी निघून आलेला मला आठवत नाही.

इन्ना


चेर्नी क्ल्यूच
१६ डिसेंबर

इन्ना,

पहिली गोष्ट. जिवंत माणसासाठी वाटेवर फर पसरत नाहीत. तुझ्या आईला सांग, हे माझं उत्तर आहे, आणि तिला वाद घालायचा असेल तर तिने मला लिहावं, तुला छळू नये. झोपडी रिकामी होती म्हणून काय झालं. काझासच्या खाली रेल्वेलाइन आहे, तो कुठल्याही मालगाडीत चढला असेल. गादी त्याची नव्हती, म्हणजे तो तिथे नव्हता. एवढं मला माहीत आहे, तेवढंच धरून मी चाललो आहे.

दुसरी गोष्ट, ऑगस्ट. तू विचारलंस म्हणून लिहितो.

तो सालीचा एक तुकडा घेऊन आला होता. आतून नक्षी कोरल्यासारख्या रेघा, आणि त्यात एक काळा किडा, तुझ्या लापशीतल्या रव्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. म्हणाला, हा पूर्वेकडून मालगाडीच्या लाकडांतून आलाय, फक्त फर खातो, आणि वर तुर्गासूला झाडं उभ्या उभ्या मरतायत. म्हणाला, अजून पाच वर्षांत तुमच्या भट्टीला फांदी मिळणार नाही, बाबा. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. म्हणाला, मी मोजतोय.

मी त्याला म्हणालो, दोन माणसांच्या कवेत न येणारं झाड एवढ्याशा किड्याने मरत असतं तर ते माझ्या आजोबांच्या वेळीच मेलं असतं. उन्हाने सुया तांबड्या पडतात, थंडीने पडतात, दर दहा-बारा वर्षांनी पडतात, आणि परत हिरव्या होतात. तुमच्या लाकडाच्या कंपनीला झाडं तोडायची परवानगी हवी आहे आणि त्यासाठी तिला मेलेली झाडं हवीत. ती मोजायला ते माझ्याच मुलाला पगार देतात. असं म्हणालो, आणि तो तुकडा भट्टीत टाकला. संध्याकाळी त्याने स्कीला नवीन पट्टे लावले आणि सकाळच्या गाडीने गेला.

यात भांडण असं काही नव्हतं. आवाज फक्त माझा होता.

पायाचं हाड बरोबर जुळतंय. डॉक्टर काही तपासत नाही, पण मी रोज बोटं मोजून हलवतो.

येफिम


नोवोकुझ्नेत्स्क
३ फेब्रुवारी २०१३

येफिम लुकिच,

तुमचं पत्र नववर्षाच्या आधी मिळालं. उत्तराला उशीर केला.

नववर्षाला वार्याला झाड हवं होतं. बाजारात फर मिळाली नाही. चार गाड्यांवर विचारलं. एकाने फर म्हणून दिलं, मी सुई ओढून पाहिली, कुसळ राहिलं. ग्लेबने मला लग्नाआधी ते शिकवलं होतं, मी तेव्हा हसले होते. त्या माणसाला म्हटलं, हे स्प्रूस आहे. तो म्हणाला, "ताई, फर वाळली. वरची सगळी वाळली. पाहिजे तर हे न्या, नाहीतर प्लास्टिकचं न्या." मी स्प्रूस आणलं. तुम्ही म्हणाल तो आळशी होता, वर जायला नको म्हणून खोटं बोलला. असेल.

आता कामाचं. कंपनीचा वादिम म्हणून एक माणूस घरी आला होता. बूट दारात काढून मोज्यांवर आला, वार्याला चॉकलेट दिलं. ग्लेबचा जोडीदार आजारी होता आणि नियम दोघांनी जायचा आहे, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पण म्हणाला, ग्लेब पट्ट्यावर असताना काही झालं असेल तरच ते कामावरचं. पट्ट्यावर जो मुक्काम सापडला तो त्याचा नव्हता, म्हणजे तो पट्टा सोडून स्वतःच्या मर्जीने गेला. मी विचारलं, त्याचा नव्हता हे कुणी ठरवलं. तो म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांनीच की. त्यांच्याइतकं फर ओळखणारं या भागात कोण आहे?"

जूनमध्ये कोर्ट आहे. कामावर असताना गेला असं ठरलं तर वार्याला अठरा वर्षांची होईपर्यंत निवृत्तिवेतन. मर्जीने गेला असं ठरलं तर काही नाही, आणि कागदावर कायम राहील की तिचा बाप काम टाकून निघून गेला होता. ती मोठी झाल्यावर ते वाचेल.

मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. तुम्ही ते करणार नाही हे मला माहीत आहे, आणि ग्लेबलाही आवडलं नसतं. फक्त विचारते. तुम्ही अजूनही तेच म्हणता का?

इन्ना


चेर्नी क्ल्यूच
९ एप्रिल

इन्ना,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी प्लास्टर निघायची आणि बर्फावर कवच धरायची वाट पाहिली. आता देतो.

सावेली बरोबर आला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "तुझा पाय परत मोडला तर मी आनंदाने पाहीन, पण पाहायला तिथे असायला नको का?" सकाळी कवच घट्ट असताना चालायचं, दुपारी थांबायचं, असे गेलो. दुसऱ्या मुक्कामानंतर तुर्गासूच्या वरच्या अंगाला लागलो.

तिथे वास नव्हता. हे मला आधी कळलं. मी त्या जंगलात शेवटचा गेलो त्याला बरीच वर्षं झाली, खाली फांदी मिळत होती, वर जायची गरज पडली नाही. फरच्या जंगलात बर्फातही वास असतो, आम्हाला तो येईनासा झालेला असतो इतका असतो. तो नव्हता. मग झाडं दिसली. सगळी उभी होती. सगळी करडी. एकाही फांदीवर सुई नाही, खालीही नाही, खालच्या कधीच बर्फात गेल्या. शेंड्याला फळांचे नुसते दांडे, मेणबत्त्या जळून वाती राहाव्यात तसे. म्हणजे ती फरच होती, हे मी दांड्यांवरून सांगतो, दुसरी खूण राहिलेली नाही. हिरवं होतं ते ओढ्याकाठचं थोडं स्प्रूस.

काही खोडांवर छातीच्या उंचीला साल चौकोनी कापून काढली होती, खिडकीसारखी, आणि निळ्या खडूने आकडा घातलेला. सातचा आकडा ग्लेब मधे आडवी रेघ देऊन काढतो. मी खिडकीत पाहिलं. तीच नक्षी. चाकूने कडेची थोडी साल सोलली, आत किडे होते, थंडीने गप्प पडलेले. मी एक हातावर घेतला. बराच वेळ पाहिला.

गादी कड्याखाली होती, आडोशामुळे तिच्यावर बर्फ कमी. वरचा थर मी हाताने काढला. लिहितो ते नीट वाच, कारण हे कोर्टात असंच सांगावं लागेल. फांद्या डोक्याकडून लावत आणलेल्या. देठ पायाकडे, फुगीर बाजू वर. पुढच्या ओळीने मागच्या ओळीचे देठ झाकलेले, कौलांसारखे. प्रत्येक ओळ जराशी डावीकडे कललेली. ती डावीकडे का कलते, तर मी डावखुरा आहे आणि मी तशी लावतो. ग्लेब उजव्या हाताचा. पण शिकला माझ्यासमोर बसून, म्हणून त्याचीही कलते. मी त्याला कितीदा सांगितलं की तू सरळ लाव, तुझी सरळ आली पाहिजे. ऐकत नव्हता.

घरी आल्यावर खिडकीतली फांदी घेतली. सुयांचं टोक मी नोव्हेंबरातच पाहिलं होतं. आता देठाचं टोक पाहिलं. खालून वर एका झटक्यात, तिरपं कापलेलं. आमच्याकडे असं मी कापतो आणि तो कापतो.

फांदी स्प्रूसची आहे. त्यात माझी चूक नव्हती. त्याला तिथे दुसरं काही मिळणार नव्हतं, एवढंच, आणि ते त्याने मला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं.

आम्ही नदीपर्यंत खाली वर पाहिलं. काही नाही. बर्फ वितळल्यावर कोझिन येणार आहे. तोही काही मिळेल असं म्हणत नाही.

येफिम


नोवोकुझ्नेत्स्क
२१ एप्रिल

येफिम लुकिच,

पत्र दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती रडली. मी भांडी घासली.

एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि मी लिहिली नव्हती. कोझिनने नोव्हेंबरातच सांगितलं होतं. त्यांची माणसं तुर्गासूच्या खालच्या अंगाला आणखी शोधणार होती, गादीपासून नदीपर्यंत, तंबूही लावले होते. तुम्ही सांगितलंत म्हणून उठवले. तो म्हणाला, म्हाताऱ्यावर माझा विश्वास होता. तुम्हाला म्हातारा म्हणाला म्हणून तेव्हा मला वाईट वाटलं होतं, तुम्ही पन्नाशीतच तर आहात. असलं काहीतरी मला वाटतं, आणि जे वाटायला हवं ते वाटत नाही.

तेव्हा लिहिलं नाही कारण तुमचा पाय मोडलेला होता. नंतर लिहिलं नाही कारण तुम्ही म्हणत होतात तो मालगाडीत चढला असेल, आणि ते पत्रात वाचायला मला बरं वाटायचं. तेवढं वाचताना तो चढलेला असायचा.

तो तेव्हा जिवंत होता का, हे तुम्ही मला विचारू नका. मी तुम्हाला विचारणार नाही. कोझिनलाही मी विचारलं नाही. तो सांगायला लागला होता, मी म्हटलं दूध उतू जातंय.

आईने काल फांद्या पसरल्या. मी अडवलं नाही. फर कुठून आणली कोण जाणे, स्टेशनपलीकडे तिची कुणी ओळखीची आहे. वार्या शाळेतून आली आणि दारातून वळणापर्यंत कडेकडेने चालत गेली, फांदीवर पाय न देता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने मला विचारलं नाही, आणि मला सांगावं लागलं नाही.

जूनच्या कोर्टात तुम्हाला बोलावतील. वादिम म्हणतो, ते तुम्हाला त्याआधी भेटणार आहेत. तुम्ही कोझिनला जे बोललात ते बोललात, असं तो म्हणतो, आणि नुसत्या गादीच्या लावणीवर कोर्ट विश्वास ठेवत नाही. सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणावं लागेल की तुमची चूक झाली. मी तुम्हाला ओळखते. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच कळवा, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

इन्ना


चेर्नी क्ल्यूच
१२ मे

इन्ना,

जमेल.

कोझिन आठवडाभर इथे होता. नदी खाली धरणापर्यंत पाहिली. मिळाला नाही. मी प्रत्येक दिवशी बरोबर होतो. त्याने मला परत जा असं सांगितलं नाही, मी काही सुचवलंही नाही. तो जिकडे म्हणाला तिकडे गेलो. त्याला मी लिहून दिलं आहे, माझ्या सहीने, की गादी ग्लेबची आहे, आणि नोव्हेंबरात मी सांगितलं ते चूक होतं, आणि का चूक होतं. दीड पान झालं. कोर्टात तेच वाचेन. मधे कुणी प्रश्न विचारले तर उत्तरं देईन.

तू जे विचारणार नाहीस म्हणालीस, ते मीही विचारत नाही. सकाळी उठतो, भट्टी पेटवतो. तेल येतं. हाताला गरम लागलेलं नंतर कळतं, भाजल्यावर. सावेली म्हणतो, "तू हल्ली मला शिव्या देत नाहीस, मी आजारी दिसतो का?" मी त्याला सांगितलं, सुचल्या की देईन.

आता वादिमबद्दल. तो मंगळवारच्या गाडीने आला. शहरी बूट, इथल्या चिखलात. मी त्याला चहा दिला, कारण इतक्या लांबून आलेल्याला देतात. त्याने भट्टी पाहिली, नळीचं कौतुक केलं, वेढे कसे वाकवले ते विचारलं. मी सांगितलं नाही. मग त्याने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. त्यावर मी कोझिनला नोव्हेंबरात बोललेली वाक्यं होती, माझीच, शब्द न बदलता: सुई फिरली, कुसळ राहिलं, माझा मुलगा स्प्रूसवर झोपत नाही. म्हणाला, "येफिम लुकिच, कुणी तुम्हाला खोटं सांगायला सांगत नाहीये. तुम्ही बोललात तेच लिहून द्या. फांदी स्प्रूसची आहे की नाही?"

मी म्हणालो, आहे. ग्लेबने तोडलेली आहे.

तो म्हणाला, विचार करा, सहीचे पैसे मिळतील, सूनबाईंना हवं असल्यास त्यातलं काही देता येईल, निवृत्तिवेतन तुकड्या-तुकड्यांनी येतं, हे एकदम. ते खरंही आहे, म्हणून तुला न विचारता मी ठरवलं हे तुला सांगतो. विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं.

कागद मी घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवला आणि त्याला फलाटावर सोडून आलो, वाट निसरडी आहे. सावेलीने सगळं ऐकलं होतं, आणि तो ते थांब्यावरच्या प्रत्येकाला सांगणार, आणि ल्युबा तुला सांगणार. तिच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. माझ्याच शब्दांखाली माझी सही हवी होती, दुसरं काही नाही. त्या सहीचे कंपनीवाले सात लाख रुबल देत होते, आणि मी नको म्हणालो.

येफिम